एकाच लॉटच्या चौघी

लोकरताई हार्ड डिस्क घ्यायला निघाली तेव्हा तिच्या पिशवीत अर्धी विणलेली बाही होती. ती बँकेत विणते, दवाखान्यात विणते. वाट बघायची वेळ आली तर हात रिकामे नकोत. कॉम्प्युटरच्या दुकानात मात्र बाही पिशवीतच राहिली. तिथे तिला बोलायचं होतं.

मी बरोबर होते. पिशवी धरायला.

आमच्या रस्त्याच्या वळणावर तिचं दुकान आहे. पाटीवर फक्त 'लोकर' लिहिलंय, म्हणून ती लोकरताई. दुकानामागे शिकवणीची खोली आणि वरच्या मजल्यावर घर. साहित्याची पदवी घेऊन मी या रस्त्यावर भाड्याने राहायला आले, त्या हिवाळ्यात माझ्या स्वेटरची दोन्ही कोपरं फाटली होती. तिने कोपरं बघितली, मग मला बघितलं.

"टेबलावर कोपरं टेकून वाचतेस. बस इथे."

ती माझ्या आईच्या वयाची आहे. तरी आमची मैत्री आहे, कारण तसं तिने ठरवलं. तिने एखादी गोष्ट ठरवली की दुसऱ्याला ठरवण्यासारखं फारसं उरत नाही.

घरात तिच्या सासूबाई आहेत. ताई त्यांना आई म्हणते, आम्ही सगळे आजी म्हणतो. या भागात ज्याला ज्याला विणता येतं त्याला ते आजींनी तरी शिकवलंय किंवा आजींनी शिकवलेल्या कोणीतरी. काही विणी त्यांच्या स्वतःच्या आहेत. त्या कागदावर उतरत नाहीत. किती सुलट, किती उलट हे लिहिता येतं. पण आजी मध्येच करंगळीने धागा मागे ओढत, अंगठ्याने टाका किंचित दाबत, आणि नक्षी उठून यायची. तो दाब कसा लिहिणार?

मग आजींचे हात थरथरायला लागले.

थरथर वाढायच्या आत ताईने टेबलावर एक कॅमेरा टांगला आणि दोन हिवाळे फक्त आजींचे हात टिपले. राखाडी बाह्या, सुया, लोकर, आणि वरून आजींचा आवाज: "हे काय टिपतेस, मूर्ख आहेस का, उजेड तर येऊ दे." आता आजींना चमचाही नीट धरता येत नाही. ते हात आता त्या व्हिडिओंतच आहेत. पुन्हा टिपता येणार नाहीत.

आणि हे व्हिडिओ कुठे होते? काही जुन्या लॅपटॉपवर, काही फोनवर. बाकीचे कॅमेऱ्याच्या छोट्या कार्डांवर, आणि ती कार्डं बटणांच्या बरणीत. एकदा ताईच्या नवऱ्याने, म्हणजे भावजींनी, दुकान सांभाळताना एका गिऱ्हाइकाला काळी बटणं मोजून दिली. त्यात एक बटण चौकोनी निघालं. ते गिऱ्हाईक भलं होतं, परत घेऊन आलं.

"अहो, तुम्ही आईंचे हात कोटाला लावायला दिलेत," ताई म्हणाली.

भावजी लिफ्ट दुरुस्त करतात. ते म्हणाले, "छिद्र नव्हतं त्याला. मला शंका आली होती."

त्याच दिवशी ठरलं. सगळं एका ठिकाणी आणायचं. चार डिस्क मावतील असा एक डबा घ्यायचा, तो घरातल्या नेटवर्कला जोडायचा, म्हणजे खाली शिकवणीच्या पडद्यावरही दिसेल आणि वर आजींच्या खोलीतही.

त्यानंतर महिनाभर तिला दुसरा विषय नव्हता. मी चहाला गेले की ती मला डिस्कबद्दल सांगायची. सांगताना सुया चालूच.

"डिस्क दिवसरात्र चालायला बनवलेली हवी. घरच्या कॉम्प्युटरची चालणार नाही, ती दुपारी झोपणारी असते. आणि वेगाने फिरणारी नको, तापते. आपल्याला कुठे शर्यत लावायचीये?"

"तुला हे कुणी सांगितलं?"

"वाचलं. तू कविता वाचतेस, मी तक्रारी वाचते. माल कसा आहे ते तक्रारीतच कळतं."

तर आम्ही त्या दुकानात. काउंटरमागचा कॉम्प्युटरवाला तरुण होता, हसरा, आणि सुरुवातीला जरा जास्तच समजावून सांगणारा. त्याने एक खोका पुढे केला. "ताई, ही घ्या. जागा जास्त, किंमत कमी. सगळे हीच नेतात."

ताईने चष्मा लावला. "यात पट्ट्या एकीवर एक चढवलेल्या आहेत का?"

त्याचं हसू थांबलं. "म्हणजे... हो. पण घरच्या वापराला काही फरक पडत नाही."

"मला पडतो. दुसरी दाखवा."

तो आत गेला तेव्हा मी विचारलं, कसल्या पट्ट्या?

"माहिती पट्ट्यापट्ट्यांनी लिहिलेली असते. काही डिस्कमध्ये जागा वाचवायला पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवतात. मग मधली एक बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहायच्या. म्हणजे खालच्या ओळीतला एक टाका दुरुस्त करायला वरच्या ओळी उसवत बसायचं. एकटीदुकटीला चालून जातं. चौघींच्या डब्यात एक आजारी पडली, तिच्या जागी नवी घातली, आणि ती अशी उसवत बसली की झालंच."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. 

कॉम्प्युटरवाला दुसरे खोके घेऊन आला. हे तिला पसंत पडले. वॉरंटी किती वर्षांची, ती दुकानाची की कंपनीची, खोक्याचं सील कोणी उघडलंय का, सगळं झालं. मग तिने चारही खोके आडवे लावले आणि लेबलांवर बोट फिरवलं.

"या दोन वेगळ्या लॉटच्या आहेत."

"हो, दोन जुन्या मालातल्या, दोन नव्या. कंपनी तीच आहे, ताई."

"नको. चारही एकाच लॉटच्या द्या."

तो घुटमळला. "काही लोक मुद्दाम मिसळून नेतात."

"मिसळून नेणाऱ्यांनी कधी स्वेटर विणला नसेल. पाठ एका लॉटची आणि बाही दुसऱ्या लॉटची, उन्हात उभं राहिलं की रंगातली चोरी पकडली जाते."

तो पुन्हा हसला. गिऱ्हाइकाशी वाद घालायची त्याची तयारी नव्हती. त्याने आतून एकच पेटी आणली. चौघींचे नंबर ओळीने लागून होते. ताईने ते नंबर मला दाखवले. एखाद्या बाळंतिणीने जुळी दाखवावीत तसे.

घरी आल्यावर लगेच भरायला घेतल्या असतील असं मला वाटलं. छे. लोकर आणली की ती आधी हातभर चौकोन विणते, धुते, वाळवते, मोजते, आणि मगच स्वेटरला हात घालते. डिस्कचंही तेच. काठोकाठ निरर्थक माहिती भरली, ती सगळी परत वाचून घेतली, पुसली. आठवडाभर तिने त्यांच्यावर आजींचा एक टाकाही ठेवला नाही. चौघी पास झाल्या.

डबा ठेवायचा कुठे हाही प्रश्न होता. दुकानात आणि शिकवणीच्या खोलीत लोकरीचे तंतू उडतात, डब्याचा पंखा गुदमरला असता. घरात तंतू नसलेली खोली एकच, आजींची. तिथे तंतूची हिंमत होत नाही. भावजींनी लिफ्टच्या सामानातले रबरी तुकडे आणून डब्याखाली बसवले, हादरे नकोत म्हणून.

आजींनी डब्याकडे बघितलं. "हा रात्रभर पुटपुटणार का?"

"हळू पुटपुटतो, आई."

"तुझे सासरेही हळूच पुटपुटायचे. ऐकायला मलाच यायचं."

ताईने सगळं डब्यात आणलं. आजींचे हात एका कप्प्यात, स्वतःच्या शिकवण्यांचे व्हिडिओ दुसऱ्या कप्प्यात. कार्डं पुसली, फोन आणि लॅपटॉप मोकळे केले, आणि बटणांच्या बरणीत बटणंच उरली. ती मला म्हणाली, "चौघींत माहिती अशी वाटलीये की एक गेली तर उरलेल्या तिघी मिळून तिची भर काढतात. नवी घातली की तिला सगळं शिकवतात."

"आणि दोन गेल्या तर?"

"दोन कशाला जातील?"

ती इतक्या सहज म्हणाली की मलाही ते अशक्य वाटलं.

दीड वर्ष काही झालं नाही. मग एका सकाळी मी चहाला गेले असताना आतून आजींचा आवाज आला.

"सूनबाई, तुझा डबा अडखळतोय."

ताई उठली. मीही गेले. डब्याच्या तिसऱ्या दिव्याचा रंग बदलला होता, आणि कान दिला तर मधूनच टक्‌ असं वाजत होतं. लयीतला एक ठोका चुकल्यासारखं. ताईने पडद्यावर बघितलं. तिसरी गेली होती.

मी घाबरले. ती नाही. "यासाठीच तर चार घेतल्या," असं म्हणून तिने पिशवी उचलली.

कॉम्प्युटरवाल्याने तीच कंपनी, तोच प्रकार काढून दिला. ताईने सवयीने लेबल बघितलं.

"हा लॉट वेगळा आहे."

"तो लॉट कधीच संपला, ताई."

"मग जुळणार नाही."

"डिस्कला कुठे रंग असतो?" तो म्हणाला. "विटायची भीती नाही."

आम्ही बाहेर पडलो. ताई चालत होती आणि काहीतरी बोलत होती, भावजींच्या गुडघ्याबद्दल. फळवाल्याच्या गाडीपाशी ती वाक्याच्या मध्येच थांबली. मी दोन पावलं पुढे गेले होते, मागे आले.

"लोकर एका लॉटची का घ्यायची?" तिने विचारलं.

"रंग जुळावा म्हणून."

"ते पहिल्या दिवशी. नंतर?"

उत्तर तिनेच दिलं.

"एकत्र विटावी म्हणून. बाही आणि पाठ बरोबरीने जुनी व्हावी. एक आधी आणि एक नंतर असं होऊ नये." तिने खोका छातीशी धरला होता. "अगं, मी चौघी अशा निवडल्या की त्या एकाच वेळी जुन्या होतील. एक गेली ना? बाकीच्या तिघींत तोच धागा आहे."

फळवाला आमच्याकडे बघत होता.

"मी चुकले," ताई म्हणाली. ती हे वाक्य फार क्वचित म्हणते, पण म्हणताना अडखळत नाही. मग ती वळली. "चल. परत दुकानात. हिला डब्याबाहेर ठेवून जोडायचं कव्हर हवंय."

घरी भावजी जेवायला आले होते. त्यांनी डब्याचा दिवा बघितला, नवी डिस्क बघितली, आणि ती ताई वेगळ्याच कव्हरमध्ये बसवतेय हेही बघितलं.

"अगं, एक जागा रिकामी आहे ना डब्यात? तिथे घाल. तिघी मिळून हिला शिकवतील. तूच सांगितलं होतंस."

"शिकवतील. पण त्यासाठी तिघींना सगळंच्या सगळं वाचावं लागेल, न थांबता, घाम फुटेपर्यंत. तिघींचीही तब्येत तीच आहे, जी तिसरीची होती."

"तिसरी गेलीये. आता आणखी एक गेली तर सगळंच जाईल. तू उगाच वेळ काढतेयस."

"लिफ्टची एक दोरी तुटली तर तुम्ही आधी काय करता?"

"माणसं बाहेर काढतो."

"मग?"

भावजी जेवायला बसले. नंतर मला म्हणाले, "हिच्याशी बोलायला गेलं की ही माझाच पाना माझ्या हातातून काढून घेते."

ताईची पद्धत मी शिकवणीत बघितली होती. अवघड जाळीची वीण असेल तर ती काही ओळींनंतर एक वेगळ्या रंगाचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवायला लावते. पुढे काही बिघडलं, उसवावं लागलं, तरी काम त्या दोऱ्याशी येऊन थांबतं. त्याखालचं सुरक्षित. आता ती तेच करत होती. डबा अजून बोलतोय तोवर बाहेरच्या नव्या डिस्कवर प्रत काढायची. आधी आजींचे हात. मग वेळ मिळाला तर तिच्या शिकवण्या.

"तुझं वीस वर्षांचं शिकवणं आहे त्यात," मी म्हणाले. व्हिडिओ सगळे वीस वर्षांचे नव्हते, पण ज्ञान तेवढं होतं.

"माझे हात आहेत की अजून."

प्रत निघायला लागली. पडद्यावर एक पट्टी इतकी हळू सरकत होती की ती सरकतेय हे दुसरीकडे बघून परत बघितल्यावरच कळायचं. ताई खुर्चीवर बसून एक बाही विणत होती. आजी पलंगावर. त्या डब्याकडे कान लावून होत्या.

"चौघी एकाच दिवशी जन्मल्या, म्हणे," आजी म्हणाल्या. "आणि हिला वाटलं, वेगवेगळ्या दिवशी रुसतील."

"बोला, आई. आज तुमचा दिवस आहे."

"मला विचारायचंस की. तुझा नवरा आणि त्याचा भाऊ, जुळे. एकाला ताप आला की मी दुसऱ्याचं अंथरूण आधीच घालायची."

ताईचे हात थांबले. मग ती हसली. इतकी की बाहीचा एक टाका सुटला.

दुपार कलली तेव्हा आजींचा कप्पा पूर्ण झाला. ताईने लगेच शिकवण्यांचा कप्पा लावला. थोडाफार उतरला असेल. मग डब्यातून पुन्हा तो आवाज आला, पण या वेळी दुसऱ्या बाजूने. टक्‌. थोड्या वेळाने टक्‌ टक्‌. दुसऱ्या दिव्याचाही रंग बदलला. पडद्यावरची पट्टी थांबली, आणि डब्याने सगळे कप्पे बंद करून टाकले.

खोलीत पहिल्यांदाच कोणी पुटपुटत नव्हतं.

मी ताईकडे बघू शकत नव्हते. ती उठली. नव्या डिस्कची वायर काढली आणि लॅपटॉपला जोडली. म्हणाली, "उतरलंय म्हणणं वेगळं आणि उघडून बघणं वेगळं." आणि तिने आजींचा पहिला व्हिडिओ उघडला.

राखाडी बाह्या. स्थिर हात. करंगळीने धागा मागे. "हे काय टिपतेस, मूर्ख आहेस का."

तिने दुसरा उघडला, तिसरा उघडला. सगळे उघडायचेच म्हणून बसली. आजी पलंगावरून बघत होत्या. मांडीवरचे त्यांचे हात पडद्यावरच्या हातांबरोबर हलायला लागले होते, थरथरत, सुयांशिवाय. एका ठिकाणी त्या ओरडल्या, "थांब! तिथे टाका सैल पडलाय." ताईने थांबवून बघितलं. खरंच पडला होता.

"उसव," आजी म्हणाल्या.

"आई, हा व्हिडिओ आहे."

"मग खाली लिही की म्हातारी इथे चुकली."

शेवटी एकच सापडला नाही. गळ्याची पट्टी बंद करायची आजींची पद्धत. ताईने पुन्हा पुन्हा शोधलं. मग तिच्या लक्षात आलं. तो शिकवणी चालू असताना टिपला होता, पोरींसमोर, म्हणून शिकवण्यांच्या कप्प्यात पडला होता. न उतरलेल्या भागात.

डिस्क उघडून माहिती काढणारे असतात, असं कॉम्प्युटरवाल्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. ताईने चारही जुन्या डिस्क त्याच्याकडे दिल्या. "निघालं तर निघालं. मी वाट बघत बसणार नाही." मग तिने नव्या डिस्क मागितल्या. दोन एका कंपनीच्या, दोन दुसऱ्या कंपनीच्या, आणि त्यातही कोणत्याही दोन एका लॉटच्या नकोत. तिने चारही लेबलं तपासली.

कॉम्प्युटरवाला म्हणाला, "आता स्वेटर कसा दिसेल, ताई?"

"गोधडीसारखा. गोधडी जास्त टिकते. आणि पुढच्या वेळी मी चुकत असले तर हसू नका, भांडा."

"तुमच्याशी?"

"प्रयत्न तरी करा."

तिने पाचवीही घेतली. ती माझ्या खोलीत असते, टेबलाच्या खणात. महिन्यातून एकदा ताई येते, ती घेऊन जाते, नवी प्रत काढून परत आणून ठेवते. माझ्या खोलीला आग लागली तर तिचं घर आहे, तिच्या घराला लागली तर माझी खोली. ती हे चहा ढवळताना सांगते. मला दोन्ही घरांची काळजी वाटते, तिला नाही.

राहिली गळ्याची पट्टी.

ताई ती पद्धत अनेकदा बघून शिकली होती, पण तिच्या हाताला अजून ती आजींसारखी यायची नाही. तिने टेबल खिडकीशी ओढलं, कॅमेरा टांगला. तो जरा तिरका लटकत होता, म्हणून मी धरून उभी राहिले. आजींना खुर्चीत शेजारी बसवलं.

"आई, तुम्ही बोला. मी करते."

"मी कायम बोलतेच. तू पहिल्यांदा करतेयस." आजी पुढे झुकल्या. "धागा मागे. करंगळीने. तुझी करंगळी काय झोपलीये का? हां. सैल. अजून सैल. सूनबाई, यातून डोकं जायचंय, मांजराचं नाही, माणसाचं."

ताईने तीन टाके उसवले. पुन्हा घातले.

"दाब. अंगठ्याने. इतकं नाही." आणि आजींचा हात मध्ये आला. थरथरतं बोट कॅमेऱ्याच्या चौकटीत शिरलं, ताईच्या अंगठ्याला टेकलं, आणि तिथे क्षणभर शांत झालं. "एवढंच."

मी विचारलं, "हात आलाय मध्ये. पुन्हा घेऊ?"

"राहू दे," ताई म्हणाली. मान वर न करता.

पट्टी बंद झाली. ताईने धागा कापला. आम्ही तो व्हिडिओ नव्या डब्यात टाकला आणि आजींच्या खोलीतल्या पडद्यावर लावला. आजी शेवटपर्यंत काही बोलल्या नाहीत. हे मी पूर्वी बघितलं नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "हात चांगलेत हिचे. कुणी शिकवलं?"

"होती एक खाष्ट बाई," ताई म्हणाली.

"मग बरोबर," आजी म्हणाल्या. "आता उजेड कमी कर. आणि त्या नव्या डब्याला सांग, जरा हळू पुटपुट."